जिल्ह्याचे पान बंद करण्यापूर्वी : वृत्तपत्र समूहाच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक मंडळ, मा. मुख्य संपादक आणि मा. वितरण व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

येत्या महिन्यापासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची प्रत्येकी चार पाने बंद करून त्याऐवजी दोघांना मिळून दोन पाने देण्याचा निर्णय आपण एजंटांना कळवला आहे. इथली छपाई थांबेल, अंक घाटावर, कोल्हापूरला छापून येईल. तालुक्याच्या वार्ताहरांनी ‘आधी ॲप, मग अंक’ या क्रमाने काम करायचे. उरलेल्या बातम्या, निधनवार्ता आणि छोट्या जाहिराती वर्गणीदारांना मोबाइलवर मिळतील. हे सगळे ज्या पत्रकात आहे त्याचा मथळा ‘कोकणसाठी डिजिटल झेप’ असा आहे.

आपल्या समूहाचे नाव इथे मुद्दाम घातलेले नाही. आज हा हिशोब आपण मांडला, उद्या दुसरा कोणी मांडेल. हे पत्र त्यांनीही वाचावे.

लिहिणारे आम्ही म्हणजे अंक विकणारे, घरोघर टाकणारे, तालुक्यातून बातम्या पाठवणारे आणि वाचनालयांत जुन्या फायली सांभाळणारे लोक. मोबाइलला आमचा विरोध नाही. घाटात गाडी अडकली की ई-पेपर उघडून गिऱ्हाइकाला दाखवणारे आम्हीच. आमचे म्हणणे वेगळे आहे. ॲपवर जे विकायचे आहे ते जिल्ह्याच्या पानासाठीच तयार होते. विरारला राहणारा राजापूरकर वर्षाची वर्गणी भरेल तर राजापूरच्या बातमीसाठी, गावातल्या निधनवार्तेसाठी, उत्तरकार्य कोणत्या तारखेला आहे ते कळावे म्हणून. सिनेमा, क्रिकेट आणि दिल्ली त्याला दहा ठिकाणी फुकट मिळते. पान गेले की ते भरणारा वार्ताहर जातो, आणि वार्ताहर गेला की ॲपवर टाकायला उरते काय?

जाहीर नोटिशींपासून सुरुवात करतो, कारण आपल्या पत्रकात त्यांचा उल्लेखही नाही.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खाली जमीन घ्यायची तर कलम ३अ च्या अधिसूचनेचा गोषवारा दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावा लागतो, त्यातले एक प्रादेशिक भाषेतले. हरकतीची मुदत २१ दिवस. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात त्या परिसरात खपणारी दोन दैनिके आणि हरकतीला ६० दिवस. पर्यावरणविषयक जनसुनावणीची जाहिरात २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात, किमान ३० दिवस आधी. जिथे वर्तमानपत्र पोचत नाही तिथे दवंडी पिटवून कळवावे, अशी तरतूदही त्याच अधिसूचनेत आहे. देवगड आणि गुहागरसारखे तालुके आपण त्या दवंडीच्या यादीत घालायला निघाला आहात का, एवढे सांगा. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प, नाणार आणि बारसूची रिफायनरी, महामार्गाचे चौपदरीकरण या सगळ्यातून गेलेल्या लोकांना हे दिवस बोटांवर मोजायची सवय आहे. मुदत एकदा सुरू झाली की अंक गावात पोचला की नाही, हे पाहायला ती थांबत नाही.

सरकारी नोटिशींपेक्षाही जास्त घरांशी संबंध येतो तो वकिलांच्या नोटिशींचा. कोकणातला कुठलाही जुना सातबारा काढून पाहा. चार-पाच गुंठ्यांवर पंधरा-वीस नावे, निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारसनोंद राहून गेलेली. अशी जमीन विकायला निघाली की घेणाऱ्याचा वकील नोटीस देतो : मौजे अमुक, स. नं. (सर्व्हे नंबर), हि. नं. (हिस्सा नंबर), क्षेत्र हे. आर., आकार, चतुःसीमा. आणि शेवटी, कोणाचा हक्क किंवा हितसंबंध असल्यास १४ दिवसांत कागदपत्रांसह कळवावे, अन्यथा तो सोडून दिला आहे असे समजण्यात येईल. ही नोटीस गावात कोणीतरी टपरीवर चहा पिताना वाचतो, नाव ओळखीचे दिसते, आणि मुंबईला फोन जातो. सामाईक जमिनीतले कितीतरी व्यवहार याच एका फोनवर थांबतात.

दोन जिल्ह्यांच्या मिळून दोन पानांत या नोटिशींना जागा राहणार नाही. त्या ई-पेपरवर ‘उपलब्ध’ असतील, असे आपले अधिकारी तोंडी सांगतात. ई-पेपरचे पान म्हणजे चित्र. नोटीस आधीच पाच पॉइंटांच्या बारीक अक्षरांत बसवलेली, त्यात पान लवकर उघडावे म्हणून चित्र दाबून हलके केलेले. बोटांनी मोठे करायला गेले की अक्षर फुटते आणि हिस्सा नंबर ३ आहे की ६ ते कळत नाही. शोधखिडकीत गावाचे नाव टाकावे तर काहीच सापडत नाही, कारण आपण मजकूर ठेवलेलाच नाही, नुसते चित्र ठेवले आहे. आणि काही दिवसांनी ते पानही निघून जाते. कोर्टात वर्तमानपत्राचा अंक दाखवायची वेळ आली की माणूस वाचनालयात येतो. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासून उभे आहे. फाइल बांधायची तर कागद लागतो. स्क्रीनशॉट बांधून ठेवता येत नाही.

आता छपाईचे.

रत्नागिरी ते कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, वाटेत आंबा घाट. आज जिल्ह्याची पाने रात्री साडेअकरापर्यंत सुटतात. नव्या वेळापत्रकात मुख्य अंक रात्री नऊला आणि जिल्ह्याची दोन पाने दुपारी साडेतीनला मागितली आहेत, कारण ती दुपारीच छापून ठेवायची आणि मग अंकात घालायची. म्हणजे अख्ख्या अंकात सगळ्यात शिळी बातमी आमच्या जिल्ह्याची. जिल्हा परिषदेची सभा साडेतीनला रंगात आलेली असते. संध्याकाळी महामार्गावर अपघात झाला तर तो परवाच्या अंकात येणार. आगाऊ छापायचेच असेल तर सिनेमाचे, राशिभविष्याचे, पाककृतीचे पान आगाऊ छापा. ते दोन दिवस आधी छापले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

दोन पाने म्हणजे एकच सुटा कागद, हे कोणाच्या लक्षात आले नसावे. चार पानांची घडी अंकात बसते, सुटा कागद सरकून पडतो. स्टँडवर पहाटेच्या वाऱ्यात चारशे अंकांत चारशे सुटे कागद घालून बघा. निम्म्या गिऱ्हाइकांना तो मिळणारच नाही, आणि शिव्या खाईल तो अंक टाकणारा पोरगा.

यातून वाचते किती? ब्रॉडशीटचे, म्हणजे मोठ्या आकाराच्या अंकाचे, एक पान सुमारे ३३ बाय ५४.६ सेंटीमीटर. ४५ जीएसएमचा (चौरस मीटरला ४५ ग्रॅम) कागद धरला तर दोन पानांचा एक ताव सुमारे आठ ग्रॅम भरतो. कागद किलोला ६० रुपये धरला तरी अंकामागे पन्नास पैसे पुरते वाचत नाहीत. खर्च खरोखर वाचवायचा असेल तर तो छपाईच्या प्लेटमध्ये आहे. रंगीत पानाला चार प्लेट (निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी), काळ्या-पांढऱ्या पानाला एक. चार पानांत दोन रंगीत धरली तर एका जिल्ह्याला दहा, दोघांना वीस प्लेट लागतात. पहिल्या आणि चौथ्या पानावरचे रंगीत फोटो आणि रंगीत जाहिराती दोन्ही जिल्ह्यांना एकाच जागी ठेवल्या तर निळी, किरमिजी आणि पिवळी प्लेट सामाईक राहते, बदलायची ती फक्त काळी. वीसच्या चौदा होतात. रत्नागिरी छापून झाली की मशिन थांबवून चारच प्लेट बदलायच्या. रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग नेमका बसण्याची जुळणी, हलत नाही, त्यामुळे परत चालू करताना रद्दीत जाणारे अंकही कमी. ही युक्ती छपाईतल्या कोणत्याही जुन्या फोरमनला माहीत आहे. त्याला विचारले असते तर आठ पाने राहिली असती.

घाटाचा प्रश्न पावसाळ्यातच येतो, असे समजू नका. करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रस्त्याच्या कामासाठी बंद झाला, तेव्हा पाऊस नव्हता. पावसाळ्यात तर आंबा, भुईबावडा, फोंडा, आंबोली यांपैकी कुठे दरड येईल ते आदल्या रात्री कळत नाही. आंबा बंद झाला तर गाडी अणुस्कुऱ्याने राजापूरला उतरवावी लागते आणि तिथून उलट वर रत्नागिरीकडे यावे लागते. आंबोली बंद तर फोंड्याने कणकवली आणि मग खाली सावंतवाडी. पर्यायी वाट आधी ठरलेली नसेल तर ड्रायव्हर घाटाच्या तोंडाशी फोनची वाट पाहत बसतो, आणि तिथे रेंज नसते.

विक्रीचा हिशोब असा. स्टँडवरची विक्री पहाटे साडेपाच ते साडेसात. आठनंतर आलेला गठ्ठा निम्मा उरतो, दहानंतरचा जवळजवळ सगळाच. घरोघर टाकणारी मुले कॉलेजची, सातला त्यांना सुटायचे असते. खेड्यांचे गठ्ठे डेपोतून सुटणाऱ्या पहिल्या एसटीने जातात. ती चुकली की पुढची गाडी दुपारची, वस्तीच्या गावाला तर संध्याकाळची. धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड अशी खाडी ओलांडायची असेल तर फेरीबोटीची वेळही गाठावी लागते. हे सगळे एकमेकांत अडकलेले आहे. रत्नागिरीत पाऊण तास उशीर झाला की तळवली-आबलोलीपर्यंत तो अर्ध्या दिवसाचा होतो.

आणि पाऊस. कोल्डसेट छपाईची शाई गरम हवेने वाळवत नाहीत, ती कागदात मुरते. कागद दमट असला की मुरत नाही, वर राहते आणि हाताला लागते. घाटावरच्या कोरड्या गोडाऊनमधून निघालेला गठ्ठा खाली उतरताना दमट हवा ओढून घेतो, कडा लाटेसारख्या होतात. पूर्वी गठ्ठ्याला दुहेरी प्लॅस्टिक असायचे. हल्ली रद्दीच्या एका कागदात गुंडाळून पट्टी मारलेली असते. वरचे आणि खालचे पाच-सहा अंक भिजून येतात आणि बिल पूर्ण गठ्ठ्याचे लागते. न खपलेल्या अंकांच्या परताव्यासाठी अंकाच्या नावाची पट्टी कापून पाठवायची, तीही ठरलेल्या टक्क्यांपर्यंतच. भिजलेला अंक हा न खपलेला अंक नव्हे. तो आम्हाला विकण्यालायक मिळालाच नव्हता.

६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली त्या दिवशी ‘दर्पण’ निघाले. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. पुढच्या ६ जानेवारीला पानभर अभिवादन छापाल तेव्हा देवगडच्या बातम्यांना त्या अंकात किती सेंटीमीटर जागा आहे, तेही मोजून बघा.

आता ॲपकडे येतो. ते चालावे असे आम्हालाही वाटते. सध्या ते का चालत नाही, हे इथे बसून जसे दिसते तसे सांगतो.

‘माझा जिल्हा’ हे सदर फोन कुठून जोडला आहे ते पाहून बातम्या दाखवते. इथल्या मोबाइलचे इंटरनेट कंपनीच्या मुंबई किंवा पुण्याच्या यंत्रणेतून बाहेर पडते, म्हणून कुडाळात बसलेल्या माणसाला पिंपरीतल्या पाणीकपातीची बातमी येते. त्याने चारदा पाहिले की पाचव्यांदा तो उघडत नाही. तालुका हाताने निवडायची सोय द्या, प्रश्न मिटला.

मथळे लावणाऱ्या मंडळींना भूगोल शिकवावा लागेल. खेड रत्नागिरीतही आहे आणि पुण्यातही. कुडाळ सिंधुदुर्गातही आहे आणि साताऱ्यातही. मुरुड तर तीन : रायगडातले जंजिऱ्याचे, दापोलीतले समुद्रकिनाऱ्याचे आणि लातूरचे. ‘मुरुडमध्ये बस उलटली’ एवढाच मथळा नोटिफिकेशनवर टाकला की तीन जिल्ह्यांत फोनाफोनी होते. छापील पानावर हा घोटाळा होत नाही, कारण पान कोणत्या जिल्ह्याचे ते वरच लिहिलेले असते. मोबाइलवर जिल्हा मथळ्यातच लिहावा लागतो. यंत्राच्या आवाजात बातम्या वाचून दाखवायचा जो नवा प्रकार सुरू केला आहे, त्यात गावांची नावे एकदा गावच्या माणसाकडून ऐकून घ्या.

प्रवेशासाठी ओटीपी लागतो. सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, तो येतो, खाली वाडीत येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले, त्यानंतर मंडणगड, दापोली, श्रीवर्धनच्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस नव्हते. पंचनामे, मदतीचे निकष, अर्जाची मुदत ही त्या काळातली सर्वांत गरजेची बातमी. ती अशा गावात फोनवर पोचत नाही. त्या दिवसांत ‘आधी ॲप’ म्हणजे नेमके काय, हे पत्रक लिहिणाऱ्याने सांगावे.

वार्ताहरांचे दुखणे जुने आहे, त्यात नवी भर पडली. आता एका घटनेमागे मागणी अशी : मजकूर, तीन फोटो, एक मिनिटाचा उभा व्हिडिओ, दोन मिनिटांचा आडवा, जमल्यास लाइव्ह. फोन त्याचा, पेट्रोल त्याचे, डेटा त्याचा, मानधन जुने. वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातीचे टार्गेट. ज्या ठेकेदाराच्या रस्त्यावरचे खड्डे छापायचे त्याच्याकडेच अर्ध्या पानाची जाहिरात मागायला जायचे, ही अडचण आपल्याला समजत नाही असे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात रिफायनरीविषयी लिहिणाऱ्या एका पत्रकाराचा गाडीखाली चिरडून जीव गेला. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्याचा २०१७ चा कायदा आहे, पण त्याचा आधार घ्यायचा तर आपण कोणाचे वार्ताहर आहोत हे कागदावर दाखवावे लागते. तालुक्यातल्या बहुतेकांकडे दाखवायला गळ्यातले ओळखपत्र आहे, त्याचीही मुदत संपलेली.

एजंटांबद्दल थोडक्यात. वर्षाची वर्गणी आणि भेटवस्तू अशा योजनेत पैसे थेट कंपनीकडे जातात आणि अंक टाकण्याचे पैसे एजंटाला मागाहून मिळतात. आता त्याच गिऱ्हाइकाला ॲपची वर्गणी विकायला आमच्याकडून फोन नंबरांची यादी मागितली आहे. यादी फुकट आणि गिऱ्हाईकही फुकट, असे होणार नाही.

आमच्या मागण्या :

१. दोन्ही जिल्ह्यांची चार-चार पाने ठेवा. खर्चासाठी सामाईक रंगीत प्लेटचा पर्याय तीन महिने चालवून बघा, आकडे समोर ठेवा, मग बोलू.

२. छपाई घाटावर न्यायचीच असेल तर जिल्ह्याची पाने शेवटच्या छपाईत घ्या, दुपारी नको. प्रत्येक घाटाला पर्यायी मार्ग कोणता आणि तो निवडायचा अधिकार रात्री कोणाला, हे लेखी द्या. १ जून ते ३० सप्टेंबर गठ्ठ्यांना दुहेरी प्लॅस्टिक द्या. भिजलेले आणि आठनंतर पोचलेले अंक परताव्याच्या टक्केवारीत धरू नका.

३. जाहीर नोटिशी त्या-त्या जिल्ह्याच्या छापील पानावरच आल्या पाहिजेत. शिवाय त्या युनिकोड मजकुरात, गाव आणि तालुक्याने शोधता येतील अशा, विनावर्गणी ॲपवर ठेवा आणि काढू नका. मुंबईत राहणाऱ्या सातबाऱ्यावरच्या खातेदाराला ॲप उघडायला याहून मोठे कारण नाही.

४. जिल्ह्याच्या पानांचे ई-पेपर कायम ठेवा. प्रत्येक सार्वजनिक वाचनालयाला एक मोफत प्रवेश द्या आणि फायलीसाठी छापील अंक चालू ठेवा.

५. प्रत्येक वार्ताहराला नेमणूकपत्र, चालू मुदतीचे ओळखपत्र आणि मजकूर, फोटो, व्हिडिओ यांचे वेगवेगळे दरपत्रक द्या. बातमी देणाऱ्याकडून जाहिरात मागणे बंद करा.

६. एजंटाच्या लाइनमधून, म्हणजे तो अंक टाकतो त्या घरांतून, ॲपची वर्गणी आली तर त्याचा कोड टाकून कमिशन द्या, दरवर्षीच्या नूतनीकरणावरही.

पहिल्या तीन मागण्यांवर निर्णय होईपर्यंत फोन नंबरांच्या याद्या दिल्या जाणार नाहीत. अंक मात्र नेहमीसारखा टाकला जाईल, गिऱ्हाइकाचा यात काही दोष नाही.

बैठक रत्नागिरीत किंवा कणकवलीत घ्या, दुपारी बारानंतर. घाटावर बोलावू नका, पहाटेची लाइन सोडून येता येत नाही. येताना वितरणाच्या साहेबांबरोबर छपाईचा फोरमनही आणा.

कळावे,

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील वृत्तपत्र विक्रेते, उपएजंट, तालुका वार्ताहर आणि वाचनालयांचे कार्यकर्ते